मामांचं बीच हाऊस

समुद्रापासून दोन घाट आणि आख्खा एक तालुका दूर, भर डोंगरात राहून आपल्या घराला 'समुद्रकाठचं घर' म्हणवून घेणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा आहे. हे मी कौतुकानं सांगतो की तक्रारीनं, ते लग्नाला इतकी वर्षं होऊनही माझं मला ठरवता आलेलं नाही. जव्हारहून मोखाड्याला जाताना मधेच एक मोठं वळण लागतं. त्या वळणावर, मावळतीकडे तोंड करून, एक बुटकं कौलारू घर बसलेलं आहे. अंगणाच्या टोकाला काळा कातळ आहे. पाऊसकाळ सरलेला असावा, हवा धुऊन वाळत घातल्यासारखी स्वच्छ असावी, सूर्य बुडायच्या बेतात असावा, आपण त्या कातळाच्या अगदी कडेला उभे असावे आणि डावा डोळा मिटलेला असावा; एवढं सगळं जुळून आलं तर पार क्षितिजावर एक चकाकणारी बारीक रेघ दिसते. ती रेघ म्हणजे डहाणूचा समुद्र, असं मामांचं म्हणणं. मला ती दोनदा दिसली. एकदा ती खरंच समुद्रासारखी वाटली आणि एकदा ती माझ्या चष्म्यावरचा ओरखडा निघाली. मामांना तसं सांगितलं, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "जावईबापू, चष्मा बदला. समुद्र कशाला बदलायचा?"

नोकरीतून निवृत्त होऊन हे घर बांधलं तेव्हा मामांनी जव्हारच्या एका पेंटरकडून पाटी रंगवून घेतली: 'सागरदर्शन बीच हाऊस'. दोन्ही बाजूंना समुद्रातले जीव काढ, असं सांगितल्यावर पेंटरनं ओढ्यातले दोन खेकडे काढून दिले, कारण त्याच्या मते पाण्यातलं लक्षात ठेवण्यासारखं जनावर तेवढंच. पाटी लागली आणि गोंधळ झाला तो भलताच. आमच्या त्या भागातली निम्मी माणसं भात कापून झालं की ठाण्या-भिवंडीकडे बांधकामावर जातात आणि येताना थोडी हिंदी घेऊन येतात. त्यांच्या लेखी 'बीच' म्हणजे मधे. पलीकडच्या पाड्यावरची जानकी मामांकडे सारवायला, निवडायला-टिपायला येते आणि मामांना चार शब्द सुनावल्याशिवाय परत जात नाही. तिनं कुणाकडून तरी पाटी वाचून घेतली आणि मान डोलावली. "मामा, पाटी बराबर लावली तुमी. जव्हार तिकडं, मोखाडा हिकडं, आन तुमचं घर बीचमधी."

"अगं, बीच म्हणजे समुद्रकिनारा!"

"आसंल किनारा. पर आमी त मधीच म्हननार."

मामांनी पंधरा दिवस येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला बीचचा खरा अर्थ समजावला आणि मग हात टेकले, कारण तोवर एसटीचे कंडक्टरसुद्धा त्या वळणावर "बीचवाले पुढं या, बीच आला!" असं ओरडायला लागले होते. बीचचा खरा अर्थ घेऊन आलेलं एकच कुटुंब मला माहीत आहे. मुंबईकडची गाडी होती, नवरा-बायको, दोन मुलं, मुलांच्या हातात प्लास्टिकची बादली आणि फावडं. नवऱ्यानं विचारलं, "काका, बीच किती लांब आहे?" मामांनी अभिमानानं कातळाच्या दिशेनं हात केला. "हा काय, समोर." "चालत जाता येईल?" "येईल की. आत्ता निघालात तर परवा पोचाल." त्या बाईंनी नवऱ्याकडे जे पाहिलं, ते पाहून मामांना त्या माणसाची इतकी दया आली की त्यांनी सगळ्यांना दोन दिवस ठेवून घेतलं, नागलीची भाकरी आणि खेकड्यांचं कालवण खाऊ घातलं आणि मुलांना ओढ्यावर नेऊन वाळूचे किल्ले करून दिले. जाताना मुलं रडत होती. समुद्रावरून निघताना मुलं रडतात तितकीच, असं मामा मुद्दाम सांगतात.

मामा एसटीत कंडक्टर होते आणि त्यांच्या वाट्याला बहुतेक मुक्कामाची गाडी असे. संध्याकाळी जव्हार डेपोतून निघायचं, रस्ता जिथे संपेल त्या गावात रात्र काढायची आणि पहाटे तिथली माणसं घेऊन परत यायचं. पोशेऱ्याकडच्या पाड्यांवर, वांगणीच्या बाजूच्या वाड्यांवर, जिथे गाडी थांबेल तिथे कुणाच्या ना कुणाच्या ओटीवर मामांची पथारी पडे. ज्या घरात स्वतःला पांघरायला दुसरी घोंगडी नाही, त्या घरानं आहे ती मामांना दिली. एका घरात तर म्हातारा शेजारी झोपायला गेला आणि आपली खाट मामांना देऊन गेला. लग्न मामांनी केलं नाही. "बायको केली असती तर तिनं विचारलं असतं, रात्री कुठं असता? आणि खरं सांगितलं असतं तर तिला पटलं नसतं," असं त्याचं कारण ते देतात. पण दुसरी एक गोष्ट ते चेष्टा न करता सांगतात: "जावईबापू, आख्ख्या दोन तालुक्यांनी मला झोपवलंय. आता माझी पाळी." म्हणून या घरात स्वतः मामा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात चटईवर झोपतात आणि सगळ्यात मोठी, पश्चिमेच्या खिडकीची खोली पाहुण्यांची. त्या खिडकीपाशी नवारीची रुंद खाट आहे. तिला मामा 'खिडकीची सीट' म्हणतात. पाहुणा दारात आला की आत चिटपाखरू नसलं तरी मामांच्या तोंडून आपोआप निघतं, "आत चला, आत चला, पुढं रिकामं आहे!"

पण ही खोली खरी बांधली होती ती एकाच पाहुणीसाठी. ती म्हणजे मामांची थोरली बहीण, माझ्या सासूबाई. मामा त्यांना अक्का म्हणतात आणि त्या सत्तरीला टेकलेल्या मामांना बाळ म्हणतात. सासूबाईंचं घर डहाणूला, अगदी खऱ्याखुऱ्या समुद्रावर. आता ज्याच्या दारात समुद्र, त्याच्या दारात बारा महिने पाहुणे, हे काय मी सांगायला हवं? नवऱ्याकडचे, मुलांचे मित्र, मित्रांचे मेहुणे, मेहुण्यांचे साहेब. पहाटे पाचाला सासूबाईंचं चहाचं आधण चुलीवर चढतं ते रात्री कुणीतरी शेवटचं "वहिनी, जरा कोमट पाणी मिळेल का?" म्हणेपर्यंत चूल विझत नाही. त्यांनी जन्मभर पाहुणे पाहिले. पाहुणी म्हणून त्या कुठे गेल्या नाहीत. आई-वडील लवकर गेले, माहेर म्हणजे काय तो हा एक भाऊ. आणि बाईनं उठून आपणच माहेरी जायचं नसतं. भाऊ मुराळी म्हणून दारात यावा लागतो, चार माणसांसमोर "अक्काला न्यायला आलोय" असं म्हणावं लागतं, मग आढेवेढे घेत, डोळे पुसत जायचं असतं. नोकरीत असताना दर दिवाळीला मामांना जादा गाड्यांवर जावं लागे. लोकांच्या बहिणी माहेरी पोचवता पोचवता त्यांची भाऊबीज गाडीतच उलटून जायची. निवृत्त झाल्यावर त्यांनी अक्काला शब्द दिला: "घर बांधतो, तुझ्यासाठी खोली तयार करतो. खोली तयार झाली की त्याच दिवशी मुराळी म्हणून येतो." सासूबाई म्हणाल्या, "ये. वाट बघते."

सगळी गडबड झाली ती 'तयार' या शब्दापाशी. कारण मामांची खोली कधी तयारच होईना.

पावसाळ्याचं घ्या. आमच्या त्या डोंगरावर पाऊस पडत नाही, तो राहायला येतो. भिंती घाम फुटल्यासारख्या ओलावतात, काड्यापेटी पेटत नाही, मिठाचं पाणी होतं. अक्काला ओल सोसणार नाही, म्हणून मामा ओलीवर चाल करून जात. गादीखाली कारवीच्या काठ्यांचं जाळं, त्याखाली कोळसे, कोपऱ्याकोपऱ्यात खड्या मिठाची गाठोडी. उशा चुलीवर टांगलेल्या. त्या उशांवर मी एकदा झोपलो आणि सकाळी नाशिकला घरी आलो तर बायकोनं विचारलं, "सुके बोंबील आणलेत का?" गळणारं कौल तर त्यांना कधी सापडलंच नाही, कारण मामा छपरावर चढले की गळती दुसरीकडे सरके. शेवटी त्यांनी मच्छरदाणीच्या आत, खाटेच्या दांड्याला एक उघडी छत्री बांधून ठेवली. निजायच्या आधी ते टॉर्च घेऊन खाटेखाली वाकत. मी वरून विचारलं, "काय आहे का खाली?" तर म्हणाले, "बेडूक आहे एक. असू दे, त्याची सीट वेगळी आहे." अशा रीतीनं भाद्रपदापर्यंत खोली जवळजवळ तयार होई, आणि पाऊस जाई.

मग थंडी. मिठाची गाठोडी बाहेर, गोधड्या आत. मामांच्या गोधड्या जानकीनं आणि तिच्या जावांनी शिवलेल्या आहेत आणि त्या एकावर एक किती घालाव्यात याला मामांच्या मते मर्यादा नाही. थंडीत त्या खोलीत झोपलेला माणूस कूस बदलत नाही; तो ज्या अंगावर झोपतो त्याच अंगावर सकाळी सापडतो. खिडकीच्या फटींत चिंध्या, दाराच्या फटीला गोणपाट, खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी आणि उशाशी विणलेली कानटोपी. माझे एक मित्र, चांगले धडधाकट मास्तर, एकदा पौषात तिथे राहिले. पहाटे त्यांची हाक आली. मी गेलो तर गोधड्यांच्या डोंगरातून फक्त कानटोपी दिसत होती आणि ती क्षीण आवाजात म्हणत होती, "मला परसाकडे जायचंय. उठवा हो कुणीतरी." मामांनी हे ऐकलं आणि काळजीत पडले. त्यांना वाटलं, अक्काला एवढ्या ओझ्याखालून उठता येणार नाही. म्हणजे गोधड्या हलक्या कराव्यात, म्हणजे कापूस पिंजून घ्यावा. तो पिंजून येईपर्यंत शिमगा आला.

आणि उन्हाळ्यात तर मामांची परीक्षाच. मोखाड्याकडचा उन्हाळा म्हणजे पाण्यासाठी तंगडतोड. विहिरीचा तळ दिसायला लागला की मामा स्वतःची आंघोळ ओल्या पंचावर आणतात, पण पाहुण्याचं तपेलं मात्र काठोकाठ भरलेलं. त्यावर फडकं, फडक्यावर ताटली, ताटलीवर दगड. त्या पाण्यानं आंघोळ करताना आपण कुणाच्या तरी देव्हाऱ्यात शिरलोय असं वाटतं. रात्री उकाडा नको म्हणून खाट अंगणात मोहाच्या झाडाखाली काढायची. कल्पना सुरेखच आहे. वर चांदणं, अंगावरून वारा. फक्त पहाटे मोहाची फुलं टपाटप तोंडावर पडतात, आणि ती खायला पाड्यावरच्या शेळ्या येतात, आणि शेळीला फूल गालिच्यावर पडलंय की गालावर याच्याशी कर्तव्य नसतं. "शेळ्या नाकाला लागल्या," असं मी रागानं म्हटलं, तर मामा उजळून म्हणाले, "म्हणजे झोप गाढ लागली होती! नाहीतर आधीच कळलं असतं." तरीसुद्धा अक्कासाठी शेळ्यांचा बंदोबस्त व्हायला हवा होता. कुंपण घालायला घेतलं आणि ते अर्ध्यावर असताना आभाळ भरून आलं.

म्हणजे तीन ऋतू तुमच्या-आमच्यासारखेच. पण मामांकडे एक चौथाही आहे. एक ऋतू उतरवायचा आणि दुसरा चढवायचा, या दोहोंच्या मधला. त्यात खोलीचं सगळं सामान अंगणात असतं आणि मामा शिडीवर असतात. नीट हिशेब केला तर वर्षातला बराचसा काळ हाच असतो. बरं, मधल्या काळात खोली काही रिकामी राहत नाही. गाडी चुकलेला शेळ्यांचा व्यापारी, रस्त्याच्या कामावरचे मुकादम, दिवाळीनंतर पोराबाळांसकट बांधकामावर निघालेली वांगणीकडची कुटुंबं, सगळी त्याच खाटेवर, त्याच गोधड्यांत निजून गेली. त्यांच्यासाठी खोली होती तशी चालायची. फक्त अक्कासाठी चालत नव्हती. जानकी एकदा माझ्यादेखत म्हणाली, "मामा, तुमची खोली म्हंजे नवरीवानी झाली. नटतेच हाय, नटतेच हाय, आन मांडव उठून गेला."

"तू सारव मुकाट्यानं."

"सारवते. पर बहीण काय भुई बघाया येनार हाय का तुमची?"

मामा शिडीकडे वळले. मला मात्र ते वाक्य टोचलं, कारण त्याच आठवड्यात सासूबाई आमच्या घरी फोनवर म्हणाल्या होत्या, "गुडघे आता बोलायला लागलेत गं. त्याला म्हणावं, खोली राहू दे, तू ये. पुढच्या वर्षी तो आलाच तर मला एसटीची पायरी चढवेल की नाही, देव जाणे." बायकोनं हा निरोप मामांना दिला. मामा घाबरले आणि त्यांनी, घाबरलेला मामा जे करील तेच केलं: पायरी चढायला त्रास होतो म्हणून पाहुण्यांच्या खोलीचा उंबरा उतरवायला घेतला.

मागच्या भाद्रपदातली गोष्ट. चौथा ऋतू रंगात आला होता आणि मामांनी मला नाशिकहून बोलावून घेतलं होतं, खाटेची नवार ओढायला. नवार ओढणं हे दोन माणसांचं काम आहे, आणि मामांच्या मते जावई म्हणजे दुसरा माणूस. गाद्या कातळावर पसरलेल्या, उशा कुंपणावर, छत्री झाडाला, खाट अंगणात चारी पाय वर करून पडलेली. चोहोबाजूंना खुरासणीची पिवळी शेतं फुललेली. आत जानकी शेण कालवून भुई सारवत होती आणि मामा शिडीवर चढून भिंतीला चुना देत होते, म्हणजे निम्मा भिंतीला आणि निम्मा स्वतःला. इतक्यात वळणावर एसटी थांबली. कंडक्टर ओरडला, "बीच! बीच!" आणि दारातून आधी एक पिशवी उतरली, मग दुसरी, मग दांडा घट्ट धरून, तिरक्या तिरक्या, माझ्या सासूबाई.

त्या निघाल्या होत्या आमच्याकडे नाशिकला. नवरात्राआधी घर आवरायला लेकीला मदत म्हणून. कारण लेकीकडेसुद्धा त्या पाहुणी म्हणून येत नाहीत. पुढची हकिगत त्यांच्याच शब्दांत: "कंडक्टर ओरडला बीच, बीच. मी म्हटलं, अरे, माझं आयुष्य बीचवर गेलं, इथं डोंगरात कुठला बीच? तर म्हणतो, मावशी, बीच म्हंजे मधी. ज्याला मधीच उतरायचं तो हितं उतरतो. मी म्हटलं, आणि तिकीट नाशिकचं असलं तर? तर म्हणतो, मावशी, उतरनाऱ्याला कोन धरतंय? समोर बाळचं घर दिसत होतं, मग मला वाटलं, खरंच की. जन्मात कधी मधेच उतरले नाही. बघू तरी उतरून."

मामांनी शिडीवरून, उघड्या दारातून पाहिलं. डोक्यापासून पायापर्यंत पांढरेफटक, हातात कुंचला. आणि बहिणीची इतकी वर्षं वाट पाहिलेला तो माणूस पहिलं वाक्य काय बोलला असेल?

"अक्का, आज नको!"

सासूबाई रस्त्यातच थबकल्या. "नको म्हणजे?"

"खोली तयार नाही गं! चुना ओला आहे, भुई ओली आहे, उंबरा निघालाय. मी येणार होतो ना न्यायला! मुराळी आल्याशिवाय तू आलीसच कशी?"

"मग जाऊ परत?"

एसटी निघून गेली होती. मामा शिडीवर, सासूबाई रस्त्यात आणि मी नवारीचं टोक हातात धरून मधे. सासूबाईंचा चेहरा पडत चाललेला मला दिसत होता. पुढचं वाक्य चुकीचं आलं असतं तर त्या पुढच्या गाडीनं गेल्या असत्या आणि पुन्हा त्या वळणावर कधी उतरल्या नसत्या, हे मला आजही पक्कं वाटतं. ते वाक्य जानकीनं म्हटलं. शेणाच्या हातानं ती दारात आली आणि गरजली, "ओ मामा! माहेरवाशीन दारात उभी हाय, आन तुमी चुना कसला सांगता? तुकडा ओवाळा आदी!"

मामा शिडीवरून उतरले की पडले, ते नीट सांगता येणार नाही. धावत स्वयंपाकघरात गेले, भाकरीचा तुकडा आणि तांब्या घेऊन आले. हे काम वहिनीचं. इथे वहिनी नव्हती, म्हणून त्या चुन्यानं माखलेल्या म्हाताऱ्यानं बहिणीच्या पायांवर पाणी घातलं आणि तुकडा तिच्यावरून ओवाळला, एकदा, दोनदा, तीनदा. तो तुकडा मग दूर टाकून द्यायचा असतो, म्हणजे प्रवासात लागलेली दृष्ट त्याच्याबरोबर जाते. पण मामांना आयुष्यात हे करायची वेळ आली नव्हती, आणि हातात भाकरी आली की ती कुठे टाकायची याची त्यांना एकच जागा माहीत होती. तुकडा त्यांनी तोंडात टाकला.

मग सासूबाई हसायला लागल्या. पिशव्या खाली टाकून, गुडघे विसरून, उलट्या खाटेच्या दांड्यावर बसून हसल्या. "अरे बाळ, माझी सगळी दृष्ट खाल्लीस की रे!" मामा भाकरी चावत उभे, डोळ्यांतून पाणी, आणि चुन्यात त्या पाण्याचे दोन ओघळ. मी बाजूला जाऊन बायकोला फोन लावला. "तुझी आई बीचला उतरली." ती ओरडली, "कुठल्या बीचला? सकाळी बीचवरूनच तर निघाली!"

संध्याकाळपर्यंत भुई सुकली. चुना एका भिंतीला होता, तीन भिंतींना नव्हता. गोधड्यांपैकी एकच आत आली. मिठाची गाठोडी नाहीत, शेगडी नाही, देव्हाऱ्यातलं तपेलं नाही. मामा प्रत्येक उणी गोष्ट दाखवून माफी मागत होते आणि सासूबाई "बरं," "असू दे," म्हणत होत्या. खाट खिडकीपाशी लावून मामा अभिमानानं म्हणाले, "इथून तुला तुझा समुद्र दिसेल."

"फिरव ती," सासूबाई म्हणाल्या.

"अगं, पण समुद्र..."

"म्हणूनच फिरव. समुद्र दिसला की मला वाटतं, आता कुणीतरी चहा मागणार."

आम्ही दोघांनी खाट उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवली, चुना न लागलेल्या भिंतीकडे.

दुसऱ्या दिवशी उजाडलं, दिवस वर आला, खुरासणीवरचं दव उडून गेलं, तरी खोलीचं दार लोटलेलंच. मामा पायरीवर बसले होते. मी चूळ भरायला लागलो तर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी पाणी गिळलं. जानकी आली, तर तिला कुंपणापाशीच थांबवून त्यांनी बांगड्या कोपरापर्यंत वर सरकवायला लावल्या. ती कुजबुजली, "मामा, आत बघितलं का? येवढं कोन निजतं?"

"माहेरी आलेली बाई निजते," मामा म्हणाले.

तेवढ्यात वरच्या अंगाला जव्हारकडे जाणाऱ्या एसटीची घरघर आली. त्या आंधळ्या वळणावर प्रत्येक गाडी हॉर्न वाजवते. मामा उठले, अनवाणी पळत रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि एक हात वर करून दुसऱ्या हाताचं बोट त्यांनी ओठांवर ठेवलं. गाडी थांबली. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं. "काय झालं मामा? अपघात?"

"हॉर्न नको देऊस. अक्का निजलीय."

"कोण अक्का?"

"माझी. माहेरी आलीय."

ड्रायव्हरनं मागे वळून पाहिलं. मागे भरलेली गाडी होती, बाजाराला निघालेली. एका बाईनं मांडीवरच्या कोंबड्यांच्या टोपलीवर पदर टाकला. मग ती गाडी, चढावर एरवी आख्खा डोंगर जागा करणारी, उतारावरून नुसती घरंगळत, चोरासारखी निघून गेली.

मामा परत येऊन पायरीवर टेकले, तोच आतून आवाज आला, झोपेनं जड झालेला. "बाळ, किती वाजले रे?"

मामांचं आयुष्य वेळापत्रकावर गेलं. मिनिटभर इकडचं तिकडं झालं तर त्यांना रात्री झोप लागत नसे. गळक्या कौलातून उतरलेलं ऊन खाटेच्या पायाशी पोचलेलं मला दाराच्या फटीतून दिसत होतं. त्यांनाही दिसत होतं.

"अजून उजाडायचंय, अक्का," मामा म्हणाले. "नीज तू."

सासूबाईंची नजर त्या उन्हाकडे गेली असणार, जाणारच. मग गोधडी ओढल्याचा आवाज आला.

"बरं," त्या म्हणाल्या.